एक जूनचे ठिगळ

या अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी मंडळी बहुधा निवृत्त असतात. मी ती नोकरी सोडली तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि नोकरी एकूण अडीच वर्षांची होती. त्यामुळे आठवणी लिहिण्याचा अधिकार मला पोचत नाही, असे मी संपादकांना कळवले. त्यांचे उत्तर आले, "आपण नेमके काय काम करत होता, हे आमच्यापैकी कोणालाही समजलेले नाही. तेवढे समजावलेत तरी लेख झाला." अज्ञानाची इतकी स्वच्छ कबुली मी दुसऱ्या कोणत्याही कार्यालयात ऐकलेली नाही. म्हणून लिहिते.

सावलीहून वैनगंगेकडे, भाताच्या बांध्यांमधून जाणाऱ्या एका रस्त्यावर एका धर्मादाय संस्थेचे छोटे रुग्णालय आहे. तिथे मी नोंदणी अधिकारी होते. अधिकारी एक, संगणक एक, आणि भारनियमनाच्या काळात त्या संगणकाला जगवणारी बॅटरी अर्धी. मी मूळची राजुऱ्याची. नागपुरात संख्याशास्त्रात एम.एस्सी. केले, वर्गात दुसरी आले, आणि पुण्याची एखादी कंपनी बोलावेपर्यंतचा मधला थांबा म्हणून ही नोकरी धरली. हे सारे मी पहिल्याच दिवशी सर्वांना सांगून टाकले होते. कोणी विचारले नव्हते.

आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. आमचे पथक गावोगाव जाऊन रक्त तपासत असे. निकाल मी संगणकात भरायचा आणि कार्ड छापायचे. आजार नसेल तर पांढरे, असेल तर पिवळे. पिवळ्या कार्डावर दरमहा गोळ्या आणि तपासणी मिळत असे. पांढऱ्या कार्डावर निश्चिंती.

यासाठी वापरत होतो तो प्रोग्रॅम फुकट होता. जगभर विखुरलेल्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या काही लोकांनी तो हौसेने लिहिला होता आणि कोणीही तो वापरावा, बदलावा अशी मुभा दिली होती. हे लोक एका सामाईक ई-मेल यादीवर भेटत. भेटत म्हणजे भांडत. मूळ प्रत सांभाळण्याचे काम हेन्रिक नावाच्या, कुठल्याशा थंड देशातल्या गृहस्थाकडे होते. त्याच्या हुकमाशिवाय मूळ प्रतीत एक स्वल्पविरामही शिरत नसे.

आता धंद्याची गोष्ट. समजा, साऱ्या गावाने मिळून एक जाडजूड वही लिहिली आहे आणि तिची एकेक नक्कल प्रत्येकाच्या घरी आहे. तुम्हाला तिच्यात चूक सापडली. तुमच्या घरच्या नकलेत ती तुम्ही खुशाल सुधाराल. पण मूळ वहीत सुधारायची असेल तर वहीवाल्याला अख्खी वही पाठवून चालत नाही. त्याला फक्त एक चिठ्ठी पाठवायची. अमुक पानावरची अमुक ओळ काढा. तिच्यापुढे वजाची खूण. तिच्या जागी ही ओळ घाला. तिच्यापुढे अधिकची खूण. आणि चिठ्ठीच्या माथ्यावर, हा बदल का करावा याची चार वाक्ये. या चिठ्ठीला त्या लोकांत 'पॅच' म्हणतात. मी तिला ठिगळ म्हणते, कारण वस्तू तीच आहे. फाटले असेल तेवढ्याच जागी, तेवढ्याच मापाचे.

हे ठिगळ ई-मेलच्या पोटात, साध्या अक्षरांत लिहून यादीवर पाठवायचे. सोबत जोडलेली फाईल नको, रंग नको, सुबक टाईप नको. मग जगभरचे अनोळखी लोक ते सर्वांदेखत उसवतात. सगळ्यांचे समाधान झाले तर हेन्रिक एक आज्ञा देतो आणि त्याचा संगणक ते ठिगळ आपोआप शिवून घेतो. मात्र मूळ ओळीत आणि तुमच्या चिठ्ठीत एका मोकळ्या जागेचाही फरक असेल, तर संगणक ते शिवत नाही. न शिवण्याचे कारण तो थोडक्यात सांगतो आणि गप्प बसतो.

मला हे काम का करावे लागले, त्याचे मूळ एक जून या तारखेत आहे.

आमच्याकडे पोराला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारतात. बाप म्हणतो, "धान कापनीच्या वक्ती झाला जी." आई म्हणते, "नाई, त्या वर्षी लय पूर आलता, तवा." गुरुजींना एवढा तपशील लिहायला रकाना नसतो. ते पोराकडे पाहतात, सहा वर्षे मागे मोजतात आणि लिहितात, एक जून. अशा रीतीने पिढ्यान्पिढ्या वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचे आमचे जिल्हे एकाच दिवशी जन्माला येत आहेत.

हेन्रिकच्या प्रोग्रॅमची समजूत अशी होती की ज्या दोन नोंदींत नाव, आडनाव आणि जन्मतारीख सारखी आहे, ती माणसे दोन नसून एक आहेत. कारकुनाने चुकून दोनदा भरली. त्यामुळे तो त्या नोंदी कोणाला न विचारता जोडून टाकत असे. वडिलांच्या नावासाठी त्यात जागा नव्हती, आणि गाव तो पाहतच नव्हता. थंड देशात हा नियम बरोबर असेल. आमच्याकडे मडावी, आत्राम, गेडाम अशी मोजकी आडनावे, लोकप्रिय नावेही मोजकी, आणि तारीख तर एकच.

ही खोट मला रुजू झाल्यापासून तिसऱ्या महिन्यात सापडली. मी तिथल्या तिथे प्रोग्रॅम उघडला, चार ठिकाणी बदलला आणि जोडणी बंद केली. एका दुपारचे काम. आमच्या घरची नक्कल सुधारली होती. मूळ वहीत काय आहे याच्याशी मला कर्तव्य वाटले नाही. कुठे लिहूनही ठेवले नाही. ज्याला समजते त्याला लिहावे लागत नाही, असे माझे त्या काळचे मत होते.

वर्षभराने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सीडीवर आली. मी मोठ्या उत्साहाने ती चढवली. नव्या आवृत्तीने जुनी पुसली, जुनीबरोबर माझे चार बदल पुसले, आणि एक जूनची माणसे पुन्हा एकमेकांत मिसळू लागली. माझ्या ते लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते आमच्या परिचारिका चंदाबाईंच्या. चंदाबाई सातवीपर्यंत शिकलेल्या, आणि दोन तालुक्यांतली तोंडे त्यांना पाठ. एके सकाळी जंगलाकडच्या एका गावाहून सुनीता मडावी नावाची मुलगी खाटेवर घालून आणली. हातापायांच्या कळांनी ती ओरडतही नव्हती. ओरडण्याच्या पलीकडे गेली होती. मी संगणकात पाहून सांगितले, "हिला आजार नाही. पांढरे कार्ड दिले आहे."

चंदाबाई माझ्याकडे वळल्या. "बाई, मशीन काय म्हनते ते राहू द्या. या पोरीचं रक्त म्या सोता काढलं होतं. पिवळं होतं."

"नोंदीत पांढरे आहे."

"ते नदीकडची सुनीता. ते येगळी. लांब वेणीची, बाप डोंगा चालवते तिचा. तुमच्या डब्यात दोघी एक झाल्या काय?"

झाल्या होत्या. दोघींची नावे एक, वर्ष एक, एक जून एक. जंगलाकडच्या सुनीताचे आजारपण नोंदीवरून नदीकडच्या सुनीताच्या निरोगीपणाखाली गेले होते, आणि चार महिने तिला गोळ्या मिळाल्या नव्हत्या. नदीकडच्या सुनीताचे उलटे झाले होते. तिचा स्वतःचा निकाल भरला जाण्याआधी त्या जोडलेल्या नोंदीवरून तिच्या नावाने एक पिवळे कार्ड छापून गेले होते, आणि ते पाहून सोयरीक घेऊन आलेले पाहुणे परत गेले होते.

जंगलाकडची सुनीता आठ दिवस वॉर्डात होती. जगली. तिच्या वॉर्डातल्या शेवटच्या दिवशी नदीकडची सुनीता आपले नवे पांढरे कार्ड न्यायला आली. ते उलटसुलट करून पाहत तिने मला विचारले, "हे त्या पाव्हन्यायले दाखवाले तुम्ही याल काय? माह्या बापाचं ते आयकत नाई."

मी म्हणाले, "मला सावलीला जाऊन एक ई-मेल पाठवायची आहे."

माझ्याऐवजी चंदाबाई गेल्या. पाहुण्यांनी कार्ड पाहिले, चहा पाजला आणि दुसरी मुलगी ठरली असल्याचे सांगितले. या अडीच वर्षांतले एखादे वाक्य परत घ्यायची सोय असती, तर मी ते ई-मेलचे वाक्य घेतले असते.

त्याआधीच डॉक्टरांनी मला बोलावले होते. ते फारसे बोलत नसत. "तू पुन्हा बदल करशील. मग दसऱ्यानंतर पुण्याला जाशील," ते म्हणाले. पुण्याचे पत्र मला आले होते आणि मी ते सर्वांना दाखवले होते. "पुढल्या वर्षी पुन्हा सीडी येईल. तेव्हा इथे कोण असेल?"

उत्तर सरळ होते. बदल मूळ वहीतच गेला पाहिजे, आणि मी जाण्याआधी गेला पाहिजे. हेन्रिकने जाहीर केले होते की पुढच्या आवृत्तीची दारे पुढच्या महिनाअखेर बंद होतील. माझ्या हातात सहा आठवडे होते. माझा अंदाज, दोन दिवस.

मी एक भव्य ठिगळ तयार केले. त्यात जोडणीचा बदल होता. वडिलांच्या नावाचा रकाना होता, गाव होते. शिवाय मला न आवडणारी मांडणी मी सरळ केली, मराठी भाषांतरातल्या चुका दुरुस्त केल्या, पडद्याचा मळकट हिरवा रंग बदलला, आणि कोणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवलेला एक बावळट विनोद काढून टाकला. माथ्यावर कारण लिहिले, "अनेक सुधारणा."

रुग्णालयात इंटरनेट नव्हते. पेन ड्राइव्ह घेऊन मी सावलीला शब्बीरभाईंच्या दुकानात गेले. फोटो स्टुडिओ, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि इंटरनेट अशी चार खाती शब्बीरभाई एका स्टुलावरून सांभाळत.

"फाईल जोडून द्या ना मॅडम," ते म्हणाले. "पूरे तालुके के बायोडाटा ऐसेच जाते."

"जोडलेली चालत नाही. पत्रातच लिहावी लागते."

"पढेलिखे लोक हाय, और फाईल खोलना नाई आता?"

मी सगळा मजकूर ई-मेलच्या खिडकीत चिकटवला आणि पाठवला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. हेन्रिक सभ्य होता; त्याच्या सभ्यतेने माणसाच्या अंगावर काटा येई. त्याने लिहिले होते की ठिगळ बसत नाही, कारण वाटेत त्याच्या लांब ओळी दुमडल्या आहेत आणि ओळींच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा बदलल्या आहेत. हा प्रताप दुकानातल्या ई-मेलच्या खिडकीचा होता; ती मजकूर 'सुंदर' करून पाठवत असे. पुढे त्याने लिहिले, "बसले असते तरी मी ते घेतले नसते. हे ठिगळ नव्हे, हा नवा सदरा आहे. आणि तो विनोद माझा होता."

छापलेले उत्तर हातात धरून मी कार्यालयात बसले होते. समोर वासेकरभाऊ होते. वासेकरभाऊ आमचे कार्यालय अधीक्षक. सारी नोकरी जिल्हा परिषदेत काढून निवृत्त झालेले, आणि आता इथे जावक रजिस्टराचे राज्य चालवणारे. त्यांच्या क्रमांकाशिवाय रुग्णालयातून कागद बाहेर जात नसे. माझी ई-मेल क्रमांकाशिवाय गेली, हे त्यांना आधीच खटकले होते.

"काऊन मॅडम, परत आलं काय?"

"आले."

"कोन्या कारनानं?"

मी समजावले. तिरसटपणे, पण समजावले. त्यांनी चष्मा पुसून माझे भव्य ठिगळ वाचले. म्हणजे वरचे कारण वाचले आणि खालच्या अधिक-वजाच्या खुणा मोजल्या.

"यात विषय किती हायेत?"

"सात."

"मंग बराबर परत आलं. एका पत्रात एकच विषय. हे आमाले नोकरीच्या पह्यल्या महिन्यात शिकवलं होतं. सात विषयाचं पत्र कोन्या टेबलावर ठेवाव, हे कोनालेच समजत नाई. मंग ते खिडकीत ठेवते, आन् वरून चहाचा कप."

मी म्हणाले, "भाऊ, हा प्रोग्रॅम आहे. हे सरकारी पत्र नाही."

"होय ना. पन वाचनारा मानूसच आहे ना? का तोई मशीन हाय?"

संख्याशास्त्रात या युक्तिवादाला तोड नाही. मी शोधली.

पुढचे आठ दिवस मी वासेकरभाऊंच्या टेबलाशी बसून जे शिकले ते कोणत्याही विद्यापीठात नव्हते. सातांपैकी चार विषय त्यांनी 'या कार्यालयाशी संबंध नाही' म्हणून फेटाळले. उरले तीन, म्हणून तीन ठिगळे. पहिले: जन्मतारीख खरी की अंदाजे, याची खूण करता यावी. दुसरे: वडिलांचे नाव आणि गावही ताडून पाहावे. तिसरे: तरीही शंका असेल तर प्रोग्रॅमने स्वतः निर्णय घेऊ नये, माणसाला विचारावे. प्रत्येकाच्या माथ्यावर आधी काय बिघडते, मग कोणाचे बिघडते, मग आपण काय करतो. तिन्हींच्या आधी एक आवरणपत्र. त्या लोकांचीही पद्धत हुबेहूब हीच होती. 'तीनपैकी एक', 'तीनपैकी दोन' असे क्रमांकही माथ्यावर लागत. ते पाहून वासेकरभाऊंना परदेशाबद्दल प्रथमच आदर वाटला.

"आन् सही कोनाची?"

इथे मी जरा ताठ झाले. ठिगळाखाली ते पाठवणाऱ्याने सही करायची असते: हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे. माझे नाव जगाच्या वहीत कायमचे लागणार होते. पुण्यात ते दाखवता येणार होते. मी सावधपणे म्हणाले, "माझी. पण ते ज्याच्या हातातून पुढे जाते, तोही खाली आपली सही करतो. ज्याने तपासले, तो तपासल्याची."

"म्हंजे टिपनीच झाली ही! खालून वर जाते, परत्येक जन सही ठोकते." ते मागे टेकले. "बाहेरगावी एवढी शिस्त हाय, आन् आमाले इथी लोक बाबू म्हनून हासते."

त्यांनी तपासल्याची सही मागितली नाही. मीच त्यांची घातली.

मजकूर वाटेत बिघडू नये म्हणून आमच्या संगणकावरूनच, ठिगळे पाठवण्यासाठी असलेल्या आज्ञेने, तो थेट जायला हवा होता. संगणक इथे आणि तार सावलीला. मी संगणकाचा डबा चादरीत गुंडाळला आणि एस.टी.त चढले. कंडक्टरने चादरीकडे पाहिले.

"काय हाय?"

"रुग्णालयाचे मशीन."

"मंग उभं काऊन धरलं? आजारी हाय तं आडवं करा त्याले."

शब्बीरभाईंनी आपला एक संगणक बाजूला सरकवून तार माझ्या डब्याला लावली. "देखो मॅडम, वायरस तो नाई ना? दवाखान्याचा डब्बा हाय," ते म्हणाले आणि आपल्या विनोदावर स्वतःच हसले. मी आधी तिन्ही ठिगळे माझ्याच पत्त्यावर पाठवली, परत उतरवली, मूळ प्रतीवर शिवून पाहिली. बसली. हा नियम मी आजही पाळते. जगाला पाठवण्याआधी स्वतःला पाठवावे. मग यादीवर आवरणपत्र गेले, तीनपैकी एक गेले, तीनपैकी दोन गेले, आणि वीज गेली.

चार तासांचे भारनियमन होते. शब्बीरभाई शांतपणे बाहेर जाऊन बसले. जगभरच्या लोकांसमोर मी, दोन पायांची तिवई मांडून, सावलीच्या दुकानात झेरॉक्सच्या वासात बसून राहिले. वीज आल्यावर तिसरे पाठवले. घाईत पहिली दोनही पुन्हा गेली.

हेन्रिकने लिहिले, "आपली ठिगळे जोडीने येतात असे दिसते. नवी मांडणी उत्तम आहे. कोणी शिकवले?" आणि खाली खरा आक्षेप: "पण मूळ प्रश्नच मला मान्य नाही. इतकी माणसे एका दिवशी जन्मत नाहीत. प्रोग्रॅम बदलण्याऐवजी तुमची माहिती दुरुस्त करा."

मी संतापले. मी दोन पाने उत्तर लिहिले. त्यात वसाहतवाद होता. वासेकरभाऊंनी ते वाचून घडी घातली.

"हे नका पाठवू. राग दोन दिवसांनं जाते, पन पत्र फाईलीतच राह्यते."

"मग त्याला पटवू कसे? एवढे लोक एका दिवशी जन्मत नाहीत म्हणतो तो."

वासेकरभाऊ हसू लागले. "मी कवा रिटायर झालो, माहीत आहे? मे महिन्याच्या एकतीस तारखेले. माहा जनम एक जूनचा. आमच्या खात्यात एकतीस मेले असे निरोप असते का स्टेजवर खुर्च्या पुरत नाई. हारवाला सकाळपासून येऊन बसते. एकच हार तिघाइच्या गळ्यात जाते, फोटो मात्र येगयेगळा. सरकारनं एवढे लोक एका दिवशी घरी धाडले, आन् याले ते जन्मले हेच पटत नाई?"

मी हेन्रिकला तेवढेच कळवले: खुर्च्या, हार, तिघांचे फोटो. आणि दोन सुनीतांची हकिकत, नावे गाळून. माझे गणित त्यात एका ओळीतही नव्हते.

पंधरा दिवस उत्तर नाही. दारे बंद व्हायला आठवडा उरला. यादीची रीत अशी की उत्तर आले नाही तर ओरडायचे नाही. काही दिवसांनी एक नम्र आठवण करायची. वासेकरभाऊंना ही रीत सांगावी लागली नाही. त्यांनी जावक रजिस्टर उघडले आणि लिहिले, 'स्मरणपत्र क्रमांक एक.'

दुसऱ्या दिवशी हेन्रिकचे उत्तर आले. "मी आमच्याकडच्या दोन जुन्या रुग्णालयांना विचारले. त्यांच्याकडेही दूर देशांतून आलेल्या लोकांच्या नोंदी आहेत आणि त्या एक जानेवारीच्या आहेत. आम्ही त्या जोडत होतो. किती जोडल्या, ते आता शोधतो आहोत." पुढे एक मागणी होती. "हा दोष प्रथम कोणाच्या लक्षात आला, त्याचे नाव आणि ई-मेल पत्ता ठिगळाखाली लिहायची आमची रीत आहे. ते आपले नाव आहे काय?"

दोष तर मला दोन वर्षे आधी सापडला होता. मी माझे नाव टंकले. वैशाली. मग चंदाबाई पट्ट्या उकळत होत्या तिकडे पाहिले आणि पुसले.

"बाई, मले काय करायची ई-मेल?" चंदाबाई म्हणाल्या, पण माझ्याबरोबर सावलीला आल्या. शब्बीरभाईंनी त्यांच्यासाठी खाते उघडायला घेतले. नाव भरले, गाव भरले. पुढचा रकाना आला.

"जन्मतारीख?" शब्बीरभाईंनी विचारले.

चंदाबाईंनी माझ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावला. "आता काय सांगू? तुमाले तं माहीतच आहे."

ठिगळे मूळ वहीत गेली. लेखिका मी, तपासणारे वासेकर, दोष दाखवणाऱ्या चंदाबाई, सर्वांत खाली हेन्रिकची सही. तेवढी चार नावे त्या क्रमाने छापून वासेकरभाऊंनी फाईलला लावली आणि वर शेरा मारला, 'विषय निकाली.' जाताना मी आमच्या नकलेतली जोडणी बंद केली, दोन्ही सुनीतांसारख्या मिसळलेल्या नोंदी हाताने वेगळ्या केल्या आणि नव्या माणसासाठी चार पाने लिहून ठेवली. आयुष्यात प्रथमच, समजत असून लिहिले.

पुण्यात रुजू होताना माझे नाव असलेली ती वही मी मोठ्या अभिमानाने उघडून दाखवली होती. समोरच्या गृहस्थांनी विचारले, "हे वासेकर कोणत्या कंपनीत आहेत?"

पुढच्या वर्षी सीडी आली असणार, कारण एका दुपारी चंदाबाईंचा फोन आला. मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता.

"बाई, नवीन पोरगा आहे मशीनवर. त्यानं मले आवाज देल्ला. जुन्या नोंदीत बापाचं नाव नाई, म्हनून मशीन विचारून राह्यलं म्हने, सुनीता मडावी आन् सुनीता मडावी, ह्या दोघी एकच हायेत काय."

"दोघी आल्या होत्या?"

"एकीची तपासनी होती. दुसरी तिच्यासंग आली. त्यायची वळख झाली ना त्या वक्ती, वॉर्डात. नदीकडचीचं लगन जुळलं, ते सांगाले आली होती."

"मग तुम्ही काय केले?"

"काय करतो? दोघीले बाकावर शेजारी बसवलं. नीट पाह्यलं. आन् 'नाई'वर बोट दाबलं."